सोळा वर्षांखालचा कप

श्रीविलास टॉकीजच्या दारावर मला उभं करताना जिनपालशेठनी एकच गोष्ट तीनदा सांगितली. "पोरं आत सोडायची नाहीत. पिक्चर फक्त प्रौढांसाठी आहे. आलं का ध्यानात? पोरं सोडायची नाहीत." तिसऱ्यांदा सांगताना त्यांनी माझ्याकडं जरा जास्त वेळ बघितलं. तेव्हाच मला काहीतरी कळायला हवं होतं.

१९७८ सालचा फेब्रुवारी होता. मला एकविसावं चालू होतं. उंची पाच फूट एक इंच, केस फुगवले तर दोन. मिशी मला येते, पण मुक्कामाला राहत नाही. सकाळी दिसते आणि दुपारी साक्षीला बोलावली तर सापडत नाही. आवाज फुटलाय, पण ती बातमी बऱ्याच लोकांच्या कानावर अजून गेलेली नाही.

डोअरकीपर व्हायची माझी काही जन्माची इच्छा नव्हती. मला वर जायचं होतं. श्रीविलासच्या बाल्कनीमागं लोखंडी शिडी चढून गेलं की मशीनची केबिन. लहानपणी बाकीची पोरं पडद्याकडं तोंड करून बसायची, मी बाकावर उलटा बसून त्या चौकोनी भोकातून येणारा उजेड बघायचो. त्यामुळं बऱ्याच पिक्चरांचा शेवट मला माहीत नाही, पण कितव्या रिळाला उजेड पिवळा पडला होता ते विचारा. केबिनमधले ऑपरेटर आण्णा आता थकले होते, त्यांना हाताखाली माणूस पाहिजे होता. शेठ म्हणाले होते, "हा पिक्चर उतरेपर्यंत दार नीट सांभाळ. मग तुला वर घेतो." दोन वर्षं फाउंड्रीत वाळू चाळलेल्या माणसाला हे वाक्य अंगाऱ्यासारखं खिशात घेऊन फिरावंसं वाटतं. मी फिरत होतो.

पिक्चर परदेशी होता. त्यात नेमकं प्रौढ काय आहे हे चौदा खेळ बघूनही मला कळलं नाही. एक बाई दोनदा जिना उतरते आणि एक डॉक्टर सारखे हात धुतो. पण शिक्का म्हणजे शिक्का. त्यात आमच्या गावची अडचण अशी, की इथं पंधरा वर्षांचं पोरगं दूध पिऊन आणि जोर मारून असं होतं की त्याला काका म्हणावं लागतं. असाच एक काका मॅटिनीच्या रांगेत पुढं आला. मान आणि खांदा यांच्यामध्ये हद्द नव्हती.

"वय काय?" मी विचारलं.

"तुझं काय?"

"माझा प्रश्न न्हाय. मी डोअरकीपर हाय."

"व्हय? मला वाटलं डोअरकीपर च्या प्यायला गेलाय आणि पोरगं बसवून गेलाय."

रांग हसली. मीही हसलो, कारण वाक्य चांगलं होतं. काका आत गेला. त्याची दहावीची पूर्वपरीक्षा नुकतीच झाली होती, हे मला नंतर कळलं.

आणि त्याच्या मागोमाग करमणूक कराचे इन्स्पेक्टर आले. हातात चामडी पिशवी, डोळ्याला चष्मा, आणि चष्म्यावरून बघायची सवय. म्हणजे चष्मा नेमका कशासाठी होता हे सांगता येणार नाही. ते दाराशी थांबले.

"बाळ, तू इथं काय करतोयस?"

"लहान मुलांना अडवतोय, साहेब."

"छान. आणि तुला कोणी अडवलं नाही?"

"मला कोण अडवणार, साहेब? दारावर मीच आहे."

हे मी विनोद म्हणून सांगितलं होतं. त्यांनी जबाब म्हणून लिहून घेतलं.

मग शेठना बोलावणं गेलं, टेबल आलं, पंचनामा झाला. 'प्रौढांसाठीच्या खेळास दारावर अल्पवयीन मुलगा नेमलेला आढळला. दार उघडताना सदर मुलास पडदा दिसण्याची शक्यता.' आठ दिवसांत वयाचा पुरावा दाखवायचा. न दाखवल्यास सदर मुलाला थिएटरच्या आवारात ठेवायचं नाही, ठेवल्यास टॉकीजवर कारवाई. मी म्हणालो, "साहेब, मला एकविसावं चालू आहे." ते म्हणाले, "सगळे असंच म्हणतात," आणि आतून त्या काकाच्या शिट्टीचा आवाज आला.

शेठ जयसिंगपूरचे. रोज सकाळच्या एस.टी.नं यायचे आणि कुठल्याही गोष्टीवर ओरडायचे नाहीत, हीच त्यांची भीती होती. "अंबादास," ते म्हणाले, "उद्या शाळेचा दाखला आण. त्यात काय एवढं?"

"आणतो की," मी म्हणालो. पण त्यात बरंच होतं.

ते सांगायचं तर १९७४ सालात जावं लागेल. मी शिवाजी पेठेतला, आमच्या पिंपळपार तालमीच्या फुटबॉल संघाचा राईट आऊट. त्या साली सोळा वर्षांखालच्या पोरांची फुटबॉल स्पर्धा निघाली आणि मी सतरा पुरी केलेली. आमच्या शाळेत खेळाचे शिक्षक त्र्यंबकसर. तेच तालमीचे फुटबॉलचे वस्ताद. त्यांनी एका संध्याकाळी शाळेचं रजिस्टर काढलं, एक ब्लेड घेतलं, निळी शाई घेतली, आणि १९५७ चं १९६० केलं. आईला मला जन्माला घालायला नऊ महिने लागले होते, सरांना दहा मिनिटं लागली. मला कुणी विचारलं नाही. घरी येऊन सांगितलं तर माझी धाकटी बहीण विमला कागदावर माझ्याहून वर्षानं थोरली झालेली. तेव्हापासून ती मला दळण आणायला पाठवते.

फायनल आम्ही एक-शून्यनं जिंकलो. गोल माझा. समोर खालच्या पेठेतलं सूर्यमुखी मंडळ होतं. त्यांनी तक्रार केली, कमिटीनं शाळेचा दाखला बघितला आणि म्हणाली, दाखला म्हणजे दाखला. कप तालमीत आला. तो मारुतीच्या शेजारी कोनाड्यात ठेवलाय. दर शनिवारी आधी मारुतीला हार, मग कपाला.

दुसऱ्या दिवशी शेठनी माझा दाखला वाचला. बोटं मोजली. "साडेसतरा," ते म्हणाले. मग खाली वाचलं आणि पुन्हा बोटं मोजली. "अकरावीला बसलास चौऱ्याहत्तर साली. नापास. पुन्हा बसलास पंच्याहत्तरला. नापास. म्हणजे तेराव्या वर्षी एकदा आणि चौदाव्या वर्षी एकदा?"

"व्हय, शेठ."

"इतक्या लहान वयात अकरावी नापास झालेला माणूस मी बघितला नव्हता."

मी सगळं खरं सांगितलं. शेठनी ऐकून घेतलं, दाखल्याची घडी घातली आणि माझ्या हातात दिली. "माझा विश्वास आहे," ते म्हणाले. "पण माझ्या विश्वासावर त्यांचा शिक्का बसत नाही. आठ दिवस आहेत. नाही जमलं तर मला दुसरा माणूस बघावा लागेल, दाराला पण आणि वर पण."

घरी आक्का, म्हणजे माझी आई, चुलीपुढं होती. मी म्हणालो, "आक्का, मी कवा झालो?"

"म्हस येली तवा."

"कुठली म्हस?"

"आमच्या माहेरची कबरी. पाऊस मरणाचा. गोठ्यात ती आणि माजघरात मी. धोंडुबाई सुईण एकदा हिकडं, एकदा तिकडं. तिला आदी मोकळी केली, मग मला."

"साल कुठलं?"

"सालाचं मला इचारू नगंस. कबरीचं ते रेडकू मोठं झालं, येलं, म्हातारं हून मेलं. तिची लेक बी येली. आता तिची नात दूध देती. म्हशीच्या तीन पिढ्या झाल्या आणि तू अजून सतरा व्हय रं? कुठला साहेब त्यो? आण जा त्याला, म्हस दावते."

हा पुरावा मला एकदम पटला. पण म्हैस कचेरीत जिना चढेल की नाही याची खात्री नव्हती.

म्हणून मी आजोळी गेलो. ते राधानगरीच्या पलीकडं आहे. गावाचं नाव सांगून उपयोग नाही. पावसाळ्यात ते तिथल्या लोकांनाही दिसत नाही. जन्माच्या नोंदींचं जुनं रजिस्टर तिथल्या कारकुनानं कपाटातून दोन्ही हातांनी काढलं आणि टेबलावर ठेवलं. विटेसारखा आवाज झाला. गेल्या तीन पावसाळ्यांत १९५० ते १९६० ची सगळी पानं एकमेकांना चिकटून एकजीव झाली होती.

"ह्यात तू हाईस," कारकून म्हणाला. "नक्की हाईस. पण काढायचा कसा?"

त्यानं प्रामाणिकपणे सुरी आणली. एक पान निघालं, पण तिघांच्या जन्मावर चौघांचा मृत्यू छापून निघाला. आम्ही ते परत चिकटवलं आणि मी शेवटची एस.टी. पकडली.

तीन दिवस गेले होते. चौथ्या दिवशी मी सरकारी डॉक्टरकडं गेलो. त्यांनी तोंड उघडायला सांगितलं, बॅटरी मारली, दात मोजले, अक्कलदाढ शोधली. ती आलेली नव्हती. "वय सतरा ते तेवीस," त्यांनी लिहून दिलं. मी तो कागद घेऊन पळत कचेरीत गेलो. इन्स्पेक्टर म्हणाले, "दोन आकडे असले की आम्ही लहान धरतो." मी म्हणालो, "मोठा का नाही?" ते म्हणाले, "मोठा धरायचा असेल तर त्याला पुरावा लागतो."

मग मात्र मी तालमीत गेलो. इतके दिवस जात नव्हतो, कारण काय ऐकायला मिळणार ते मला माहीत होतं. त्र्यंबकसर कुस्तीच्या हौद्याच्या कडेला बसून पंपानं फुटबॉलमध्ये हवा भरत होते. आजूबाजूला माझ्याच वेळची चार-पाच पोरं.

"सर, माझं वय परत पाहिजे."

"कसलं वय?"

"तुम्ही घेतलेलं. तीन वर्षं."

सर पंप मारायचे थांबले. मी सगळं सांगितलं. ते ऐकता ऐकता कोनाड्याकडं बघत होते. मारुतीकडं नव्हे, शेजारी.

"अंब्या, ऑगस्टात तुला अठरा पुरी हुतील. थांब की जरा."

"सर, ऑगस्टात मला एकवीस पुरी हुत्यात."

"ती घरात. कागदावर अठरा. कुठं पळून चाललीत व्हय?"

"वय न्हाय पळत, सर. नोकरी पळती. एक ओळ लिहून द्या, की तारीख चुकून पडली हुती."

"चुकून? मग सूर्यमुखीवालं गप बसतील? उद्या कप मागतील. कप गेला तर पेठेत तोंड दावायला जागा उरंल का?" सरांनी आवाज खाली आणला. "आणि माझी नोकरी? रजिस्टरला ब्लेड लावलंय मी. पेन्शनला चार वर्षं हाईत."

सरांनी मला सहावीपासून चपला, मोजे, शेंगदाणे सगळं दिलेलं. शेजारी बसलेला आमचा गोलकीपर म्हणाला, "आयला, हा तर माझ्यापेक्षा दोन वर्सानं थोरला. सगळ्यांस्नी ठावं हाय."

"मग तेवढं लिहून दे."

"लिवायचं काय त्यात, लगा? सगळ्या पेठेला ठावं हाय म्हटलं न्हवं का."

"साहेबाला न्हाय ठावं."

"मग साहेबाला पेठेत घिऊन ये. आमी सांगतो."

"काय सांगशील?"

"तू सतराचा हाईस म्हणून."

सगळे हसले. त्यांचा काही दुष्टपणा नव्हता. माझं खरं वय ती सगळी पोरं जीव गेला तरी विसरली नसती आणि जीव गेला तरी बोलली नसती. सर म्हणाले, "मिशी वाढीव थोडी," आणि पुन्हा पंप मारायला लागले. त्या दिवशी मला पहिल्यांदा तो कप उचलून पंचगंगेत टाकावासा वाटला. पण आमच्यात मारुतीच्या कोनाड्यात आंघोळीशिवाय हात घालत नाहीत, आणि मी आंघोळ केली नव्हती.

सहाव्या दिवशी दुपारी टॉकीजच्या दाराशी एक सायकलवाला थांबला. "नृसिंहभाऊंनी बोलवलंय," तो म्हणाला.

नृसिंहभाऊ म्हणजे सूर्यमुखी मंडळाचे सेक्रेटरी. खालच्या पेठेत त्यांचं सायकलचं दुकान. त्या गल्लीत मी याआधी एकदाच गेलो होतो, तेही फायनलनंतर, आणि चालत नव्हे, पळत. आता दुकानात शिरलो तर ते ट्यूबचं पंक्चर काढत होते. वर न बघता म्हणाले, "या पावणं. बसा. च्या घेणार?"

पावणं म्हटल्यावर मी दाराजवळ बसलो.

"तुमची अडचण कानावर आली," ते म्हणाले. "वयाचा पुरावा मिळत न्हाय म्हणं."

"व्हय."

त्यांनी हात पुसले, आतून एक पत्र्याची ट्रंक आणली, त्यातून पिवळ्या फडक्यात बांधलेली फाईल काढली आणि अशी हळू उघडली की मला वाटलं आत पोथी आहे. आत मी होतो.

माझ्या आजोळच्या रजिस्टरची नक्कल होती. जानेवारी पंच्याहत्तरची, म्हणजे पानं चिकटायच्या आधीची. गोल शिक्का, सही, जावक क्रमांक. 'आईचे नाव' पुढं आक्काचं नाव, 'पुरुष जात', बारा ऑगस्ट एकोणीसशे सत्तावन्न. धोंडुबाई सुईणीचा जबाब होता, अंगठ्यासकट. त्यात म्हशीचाही उल्लेख होता. फायनलचा एक फोटो होता. गोल मारल्यावर मी दोन्ही हात वर केलेत, आणि काखेतल्या केसांभोवती लाल शाईनं गोल काढून बाजूला लिहिलंय, 'हे सोळाखालचे नव्हे.'

मी एकेक कागद वाचला. माझ्या घरातही माझी इतकी माहिती नव्हती.

"तीन वर्षं झाली," नृसिंहभाऊ म्हणाले. "दोनदा राधानगरी, एकदा भिजून ताप आला. कमिटीनं फाईल उघडली बी न्हाय. दाखला म्हणजे दाखला म्हणाले." त्यांनी फाईलची दुमडलेली कड सरळ केली. "ही वाचणारा तू पयला माणूस."

"मला ही नक्कल द्या, भाऊ."

"देतो की. शिक्क्याची अस्सल देतो. फक्त एक कागद लिहून दे. फायनलला तुझं वय काय हुतं आणि तारीख कुणी बदलली."

बाहेर कुणीतरी हवा भरायला सायकल घेऊन आलं, त्याला त्यांनी नंतर ये म्हणून हाकललं. माझ्यासमोर कोरा कागद ठेवला, पेन ठेवलं. मी पेन उचललं. मग ठेवलं. कागद लिहिला तर केबिन होती. शिडी, मशीन, आण्णांच्या हाताखालचं स्टूल. नाही लिहिला तर पेठ होती, जिनं मला लहानाचा मोठा केला आणि मग मोठ्याचा लहान.

"तारीख कुणी बदलली ते न्हाय लिवणार," मी म्हणालो.

"का?"

"मला ठावं न्हाय."

"अख्ख्या कोल्हापूरला ठावं हाय."

"मग अख्ख्या कोल्हापूरकडनं लिवून घ्या."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग चहा मागवला. कुणी चहा पाजला की काहीतरी मान्य झालं असं समजायचं. मी लिहिलं: 'डिसेंबर १९७४ च्या अंतिम सामन्याच्या दिवशी माझे वय सतरा वर्षे चार महिने होते व मी खेळलो.' सही केली. एवढ्या एका वाक्यात मी नोकरीला लागलो आणि पेठेतून उठलो.

आठव्या दिवशी इन्स्पेक्टरनी नक्कल वाचली, उजेडात धरली, शिक्क्यावर बोट फिरवलं. ती खरी आहे हे कळल्यावर त्यांचा चेहरा थोडा पडला. "वीस वर्षं सहा महिने," ते म्हणाले.

"होय, साहेब."

"शाळेचा दाखला मात्र तीन वर्षं कमी सांगतो."

"शाळेत माझी प्रगती कमीच होती, साहेब."

त्यांनी हे लिहून घेतलं नाही, म्हणजे सुधारणा होती. शिक्का मारला. "या कचेरीच्या दृष्टीनं आजपासून तुम्ही प्रौढ." मला आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या साहेबानं तुम्ही म्हटलं, आणि तेही शिक्क्यासकट. बाहेर येऊन मी एक ग्लास उसाचा रस घेतला. रसवाला म्हणाला, "बर्फ घालू का बाळ, सोसतो न्हवं?"

संध्याकाळपर्यंत बातमी पेठेत पोचली होती. कुणी मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं, मारून झाल्यावर लोक बोलतात. केस कापायला गेलो तर न्हावी म्हणाला, "आमी मोठ्या माणसांची कटिंग करत न्हाय." गोलकीपर समोरून आला आणि भिंतीवरची जाहिरात वाचायला लागला, तो सातवीत शाळा सोडलेला. तालमीवरून जाताना मी मान खाली घातली, तर आतून पंपाचा आवाज थांबला आणि मी पुढं गेल्यावर पुन्हा सुरू झाला. आक्का तेवढी म्हणाली, "कप काय भाकरी देतोय व्हय?" पण नळावर ती हंडा घेऊन दुपारी जायला लागली, गर्दी नसताना.

मग कमिटीची सभा झाली. कप सूर्यमुखीला द्यायचा असं ठरत आलं होतं, तर नृसिंहभाऊच उठून म्हणाले, "दिलेला कप आमाला नको. जिंकलेला पाहिजे. फायनल पुन्हा घ्या." कमिटीनं दोन तास विचार केला आणि कोल्हापुरात फुटबॉलच्या बाबतीत जसे निकाल लागतात तसा निकाल लावला. १९७४ ची सोळा वर्षांखालची फायनल मार्च १९७८ मध्ये पुन्हा खेळवायची. दोन्हीकडं तीच पोरं पाहिजेत. प्रत्येकाचं वय तेव्हा सोळाखाली होतं एवढं सिद्ध झालं की बास, आत्ता किती आहे ते विचारायचं नाही. फक्त अंबादासला खेळता येणार नाही, कारण तो वयानं मोठा असल्याचा भक्कम पुरावा कमिटीपुढं आलेला आहे.

पेठेत सोळा वर्षांखालच्यांचा सराव सुरू झाला. आमच्या लेफ्ट आऊटला एक पोरगं होतं, ते आईच्या कडेवर बसून बापाला बघायला यायचं. सूर्यमुखीचा सेंटर हाफ साखर कारखान्यात लागला होता, त्याला रजेच्या अर्जात 'बालगटाचा सामना' असं लिहावं लागलं. माझ्या जागी सरांनी एक शिंप्याचा पोरगा घातला, जो त्या साली राखीव म्हणून बाकावर बसलेला आणि त्यानंतर कधी चेंडूला शिवला नव्हता.

सामना रविवारी चार वाजता. दुपारी दोनलाच शहर मैदानाकडं निघालं. पावणेतीनला शेठ माझ्याकडं आले. त्यांच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा घाई बघितली.

"अंबादास, आण्णा आलेले नाहीत."

"कुठं गेले?"

"मॅचला. बारा वर्षांत एक खाडा नाही या माणसाचा. तुला मशीन लावता येतं?"

गेले पंधरा दिवस दाराची ड्युटी संपली की मी शिडी चढून आण्णांच्या मागं उभा राहत होतो. पेठेतले असून माझ्याशी बोलणारे ते एकटेच, तेही मशीनविषयीच. "येतं की," मी म्हणालो.

"मग वर जा. आजपासून वरच."

मी शिडी चढलो. पिक्चर अजून तोच होता, जिन्याचा आणि डॉक्टरचा. भोकातून खाली बघितलं तर सगळ्या थिएटरात नऊ माणसं, त्यातले दोघे झोपायला आलेले. दारावर कुणी नव्हतं. अडवण्यासारखं कुणी उरलंही नव्हतं, सगळी पोरं मॅचला. मी मशीनच्या दिव्याचे कार्बन जुळवले, रीळ चढवलं, झडप उघडली. उजेड पांढरा स्वच्छ पडला. ज्या गोष्टीसाठी मी नऊ वर्षांचा असल्यापासून उलटा बसत होतो ती माझ्या हाताखाली गरगर फिरत होती, आणि माझं लक्ष खिडकीबाहेर, मैदानाच्या दिशेला. एकदा आरडाओरडा झाला. मग पुन्हा दोनदा. कुणाचा गोल ते आवाजावरून कळेना. दोन्ही पेठा सारख्याच ओरडतात.

पावणेसहाला शिडी वाजली. मला वाटलं आण्णा. तर त्र्यंबकसर. धापा टाकत, शर्टावर गुलाल, हातात कप. मी उठून उभा राहिलो. महिन्याभरानं ते माझ्याकडं बघत होते.

"तीन-शून्य," ते म्हणाले.

"कोण?"

"कोण म्हणजे? आपण. शिंप्याच्या पोरानं दोन घातलं. दोन! राईट आऊटनं! सूर्यमुखीचा गोलकीपर, लगा, लग्न झालंय त्याचं, वाकवत न्हाय त्याला. नृसिंहभाऊंनी सोता कप माझ्या हातात दिला. म्हणाले, आता तक्रार न्हाय." सरांचे डोळे भरून आले होते. "अंब्या, कप आता धुतल्या तांदळागत झाला. आता कुणाच्या बापाची बोलायची टाप न्हाय."

"चांगलं झालं, सर."

"पोरं म्हणत्यात, अंब्याला घिऊन या. मिरवणुकीला चल."

"मशीन चालू आहे, सर."

"व्हय की." ते स्टुलावर टेकले, कप मांडीवर घेऊन. मग एखादी आनंदाची बातमी सांगावी तसं म्हणाले, "एक इचार आला मैदानावर. हेच पोरगं तवा घातलं असतं, तरी जिंकलो असतो की रं आपण. तुझं वय खोडायची गरजच नव्हती."

मी त्यांच्याकडं बघितलं. ते खरंच खूश होते. त्यांना वाटत होतं, हे ऐकून मलाही बरं वाटेल.

"सर," मी म्हणालो, "हे तुम्ही मला चौऱ्याहत्तर साली का सांगितलं न्हाय?"

"तवा कुठं ठावं हुतं?" सर म्हणाले.

खाली नऊच्या नऊ माणसं शिट्ट्या मारायला लागली होती. रीळ संपून पडदा पांढरा झाला होता, कधी झाला ते मला कळलंच नव्हतं. मी सरांना जरा सरकायला सांगितलं आणि पुढचं रीळ चढवलं.